अर्धसमास

ऑडिटकाकांना ताप आला की आमच्या सेक्टरातल्या डॉक्टरांना तो आधी चढतो. काका दवाखान्यात तब्येत दाखवायला जात नाहीत. दवाखाना तपासायला जातात.

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते पोस्टमनखेरीज कुणी वाचत नाही. चौतीस वर्षं लेखापरीक्षणात काढून, कोकणातल्या ग्रामपंचायतींची आणि नगरपालिकांची दप्तरं उलटीपालटी करून काका बेलापूरच्या कोकण भवनातून निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. काकांनी सर्वांचे आभार मानले आणि घड्याळाची पावती मागितली.

निवृत्तीनंतर नेरूळच्या घरी बसल्यावर त्यांनी आधी सोसायटीचे हिशेब हातात घेतले. दोन वर्षांत तीन खजिनदार बदलले आणि तपासण्यासारखं काही उरलं नाही. माणूस वाळायला लागला होता, एवढ्यात गुडघा दुखायला लागला. गुडघ्याने काकांना डॉक्टरांकडे नेलं आणि काकांना उरलेल्या जन्माला पुरेल एवढं दप्तर सापडलं. सिडकोने नोड आखले, नोडमध्ये सेक्टर पाडले. तळमजल्यावरच्या गाळ्यांतून दवाखाने मग आपोआप उगवले. एक झेरॉक्स, एक केक शॉप, एक दवाखाना, एक इस्टेट एजंट, पुन्हा एक दवाखाना. काका फिरायला निघाले की रांगेने तपासत जातात.

काकांची वही हा खरा ऐवज. फुलस्केप, लाल कापडी पाठीची, प्रत्येक पान मधोमध उभं दुमडलेलं. सरकारी भाषेत याला अर्धसमास म्हणतात. तपासणारा डाव्या अर्ध्यावर आक्षेप लिहितो, तपासला जाणारा उजव्या अर्ध्यावर त्याचं अनुपालन करतो. काकांच्या वहीची डावी बाजू हिरव्या शाईने गच्च भरलेली. उजवी बाजू कोरी, कारण आपली तपासणी चालू आहे हे कुठल्याच डॉक्टरला ठाऊक नव्हतं.

मला एकदा त्यांनी वही वाचू दिली. समोर बसून.

'परि. ३. हाडांचे. वेळ १०ची, आगमन १०.५०. एकूण तपासणी २ मि. १० से., पैकी मोबाईलवर ४० से. निव्वळ तपासणी ९० से. फी रु. ८००, म्हणजे सेकंदास रु. ८.८९. गुडघ्यास प्रत्यक्ष हात लावल्याचे आढळून आले नाही. खुलासा करावा.'

'परि. ७. मधुमेहाच्या बाई. अक्षर सुवाच्य. संशयास्पद.'

'परि. ११. फिजिशियन. चक्कर का येते असे विचारले असता "आत्ताच नक्की सांगता येणार नाही, तपासून बघू" असे उत्तर मिळाले. अज्ञान लेखी नसले तरी तोंडी मान्य केल्याची नोंद घेण्यात येते.'

एकूण सव्वीस परिच्छेद. सव्वीस डॉक्टर नापास.

वहीत नव्हते ते फक्त सुईवाले डॉक्टर. पलीकडच्या गावठाणात, चहाच्या टपरीच्या मागे त्यांचा दवाखाना. अठरा वर्षं काका सर्दी, खोकला, सांधे, अशक्तपणा, सगळ्याला तिथेच जायचे. "त्यांचं काय लिहायचं?" काका म्हणायचे. "टेस्ट नाही, अपॉइंटमेंट नाही. गेलं की सुई, तीन गोळ्यांची पुडी, ऐंशी रुपये. संध्याकाळी माणूस उभा! याला म्हणतात डॉक्टर." पाटीवर 'एम. डी. (ए. एम.)' लिहिलेलं होतं. ए. एम. म्हणजे सकाळी बसतात, असं काका समजत होते.

आणि अशा या गृहस्थांच्या वरच्या मजल्यावर आमची लेक मुक्ता बिश्केकहून डॉक्टर होऊन आली.

मी वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर हिशेब लिहितो. नीटमध्ये मुक्ता पास झाली, पण सरकारी कॉलेज मिळण्याइतके मार्क नव्हते. डीम्ड कॉलेजात एका वर्षाला जेवढे मागत होते, तेवढ्यात किर्गिझस्तानात हॉस्टेलासकट आख्खा कोर्स होत होता. २०१८ साली ती गेली. उणे तापमानात मार्शरुत्का नावाच्या मिनीबसमध्ये लोंबकळत कॉलेजला जायला शिकली, पेशंटशी बोलण्यापुरतं रशियन शिकली. २०२० साली कोरोना आला आणि वॉर्डातले राउंड आमच्या स्वयंपाकघरात सुरू झाले. पेशंट बिश्केकला, प्राध्यापिका बिश्केकला, मुक्ता ओट्याजवळ आणि नेटवर्क कुठेच नाही. विमानं सुरू झाली तशी ती परत गेली, कोर्स पुरा केला आणि पदवी घेऊन आली. पदवीवर लिहिलं होतं एम. डी.

दुसऱ्याच दिवशी काका पेढे खायला आले. वही बगलेत.

"एम. डी.? एवढ्यात?"

"तिकडे एमबीबीएसलाच एम. डी. म्हणतात काका. मला इथे नावापुढे लावता येणार नाही."

"बरं, मग प्रोव्हिजनल डॉक्टर म्हणू तुला?"

"प्रोव्हिजनल नोंदणी एफएमजी परीक्षा पास झाल्यावर. मग वर्षभर इंटर्नशिप, मग कायमची नोंदणी. आत्ता मी कुणीच नाही."

"मग काय म्हणू?"

"मुक्ता म्हणा."

काकांनी पेढा खाली ठेवला आणि परीक्षेची चौकशी सुरू केली. बाहेरून शिकून आलेल्यांसाठी ही परीक्षा २००२ पासून आहे. वर्षातून दोनदा होते. दीडशे-दीडशे प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकी अडीच तास. तीनशेपैकी दीडशे मिळाले की पास. कितीही वेळा बसा.

"दीडशे म्हणजे पन्नास टक्के," काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे डॉक्टरला अर्धंच यायला हवं. पण कुठलं अर्धं, ते पेशंटला कसं कळणार?"

मुक्ता हसली. काका हसले नाहीत.

"चुकल्यावर मार्क कापतात?"

"नाही."

"पर्याय किती?"

"चार."

काकांनी पेन काढलं. "तीनशे प्रश्नांना डोळे मिटून 'ब' लिहिलं, तरी सरासरीने पंचाहत्तर मिळतात. म्हणजे शंभर प्रश्न खरोखर आले आणि बाकीच्यांना 'ब' लिहिलं की दीडशे झाले! आणि तरी पोरं नापास होतात?"

"पाचातला एक पास होतो काका. चांगल्या खेपेला चारातला एक."

काकांनी हा आकडा हिरव्या शाईत लिहून घेतला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मग म्हणाले, "इथल्या कॉलेजातल्या मुलांना हीच परीक्षा?"

"नाही. त्यांना त्यांच्या विद्यापीठाची. २०१९च्या कायद्यात सगळ्यांना मिळून एकच परीक्षा आहे, नेक्स्ट नावाची. पण ती पुढे ढकललीय."

"नावच पुढची," काका म्हणाले. "ती पुढचीच राहणार."

माझ्यातल्या बापाला राहवेना. मी म्हणालो, "काका, आनंदीबाई १८८६ साली फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन आल्या, तेव्हा कुणी मागितली होती असली परीक्षा? कोल्हापूर दरबाराने सरळ नेमणूक दिली होती."

"तेव्हा कौन्सिल कुठं होतं?" काकांना सालं पाठ असतात. "मुंबई इलाख्याचा मेडिकल ॲक्ट १९१२चा."

"बरं, मग साहेबाचं ऐका. १९३० साली ब्रिटनच्या मेडिकल कौन्सिलने आपल्याच साम्राज्यातल्या हिंदुस्थानी पदव्यांची मान्यता काढून घेतली. इथे शिकलेले आपले डॉक्टर तिकडे रातोरात कच्चे ठरले. त्यानंतर १९३३ साली आपल्याकडे मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला."

मला वाटलं होतं, काका वरमतील. ते खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे कौन्सिलचा जन्मच आक्षेपातून झाला म्हणा की!" त्यांना इतकं समाधान मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही झालेलं पाहिलं नव्हतं.

पहिल्या वेळी मुक्ताला १३७ मिळाले. दुसऱ्या वेळी सेंटर महापेच्या एमआयडीसीत आलं आणि काका म्हणाले, मी येतो.

ती गर्दी एकदा बघण्यासारखी असते. कारखान्यांच्या गल्लीत, बंद फाटकासमोर, डबे घेऊन उभे असलेले आईबाप. लातूरचे मास्तर, जळगावचे केळीवाले, नगरचे एसटी कंडक्टर. कुणी जमीन काढलेली, कुणी फंड काढलेला. पोरं रशियाहून आलेली, जॉर्जियाहून, फिलिपिन्सहून, चीनहून. आमच्या मार्केटात बटाट्याचा सौदा असतो तेव्हा व्यापारी हात घालून, दाबून, एखादा कापून बघतो आणि मग भाव बोलतो. इथे माल आत गेला आणि बाहेर आम्ही नुसते पोत्यांसारखे बसलो.

काकांना इतके बिनतपासलेले लोक एका जागी कधी मिळाले नव्हते. ते रांगेने चौकशी करत फिरले. कोणता देश, किती वर्षं, मधे खंड किती. एका मुलाला सोडायला आलेला त्याचा दाढीवाला मित्र त्यांच्या तावडीत सापडला. तो युक्रेनला शिकत होता, पुढे दुसऱ्या देशात बदली घेऊन कोर्स संपवला.

"२०२२च्या फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत खंड दिसतो," काका म्हणाले. "खुलासा?"

"युद्ध होतं काका. पहिले काही दिवस तळघरात होतो. मग ट्रेनने बॉर्डर, मग विमान."

काकांनी पेनचं टोपण लावलं. "मान्य," म्हणाले. चौतीस अधिक निवृत्तीनंतरच्या अकरा वर्षांत काकांनी तोंडी खुलाशावर आक्षेप निकाली काढल्याची ही एकमेव नोंद.

निकाल लागला. १४९.

आमच्या घरात त्या दिवशी कुकर लागला नाही. संध्याकाळी काका आले. मला धास्ती होती की ते एका गुणाच्या तुटीवर बोलतील. चौतीस वर्षं ज्या माणसाने एका रुपयाच्या तफावतीसाठी ग्रामसेवकांना दोनदा तालुक्याला बोलावलं, तो दुसरं काय बोलणार? काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चुकले कुठले प्रश्न?"

"माहीत नाही," मुक्ता म्हणाली.

"म्हणजे?"

"पेपर घरी आणता येत नाही. कुठली उत्तरं बरोबर, कुठली चूक, ते दाखवत नाहीत. फक्त मार्क कळतात आणि नापास."

काका उभे राहिले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "आक्षेप काय आहे तेच कळवत नाहीत? मग अनुपालन करायचं कशाचं? अहो, अफरातफर केलेल्या सरपंचालासुद्धा आम्ही परिच्छेद लिहून देत होतो! उत्तर द्यायला मुदत देत होतो! ही कसली तपासणी?"

त्या संध्याकाळी आमच्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं ते मुक्ता. "काका, परीक्षा हवीच," ती म्हणाली. "माझ्याबरोबर असेही होते ज्यांनी पाच वर्षांत पेशंटला हात लावला नाही. त्यांच्याकडे तुम्हाला पाठवलेलं मला चालणार नाही. पण मी त्यांच्यातली आहे की नाही, ते मलाही कळायला हवं ना?"

काका त्यानंतर थोडे मऊ झाले. इतके, की एका दुपारी त्यांनी आपली फाइल वर आणली. पॅथॉलॉजी लॅबवर त्यांचा मोठा आक्षेप होता. 'साखर सतत वाढीव दाखविणे. आहारात बदल नाही, गोड वर्ज्य. सबब यंत्र सदोष.' तीन लॅब बदलल्या, तिन्ही सदोष. काकांना मुक्ताची सही नको होती, फक्त दुजोरा हवा होता.

मुक्ता आधीच म्हणाली, "काका, मी औषध सांगणार नाही. नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केली तर वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. क्रोसिनसुद्धा सांगणार नाही."

"औषध कोण मागतंय? हिशेब बघ."

तिने रिपोर्ट बघितले. मग काकांचा चेहरा बघितला, जरा जास्तच वेळ. बिश्केकला राहून आलेली आमची पोर त्या गोल, तकतकीत गालांकडे बघत होती आणि अठरा वर्षं आम्ही सगळे त्याला तब्येत सुधारली म्हणत होतो. मनगटाजवळची कातडी पातळ, जागोजागी निळे डाग.

"काका, हल्ली काय काय घेता?"

"काही नाही. बीपीची गोळी." मग सावकाश, "आणि पुडी."

पुडी खिशातच होती. वर्तमानपत्राच्या कागदात तीन गोळ्या. एक पिवळी, एक गुलाबी, एक बारीक पांढरी. ना नाव, ना पट्टी, ना तारीख.

मुक्ताने ती तळहातावर ठेवली आणि काकांच्याच भाषेत विचारलं, "याचं व्हाउचर कुठंय?"

काका गप्प.

"मला या पांढरीचा संशय आहे. ही स्टेरॉइड असू शकते. सांधे संध्याकाळपर्यंत मोकळे होतात, माणूस उभा राहतो, साखर वाढते. पण नाव नाही, तर मी काय, कुणीच ठामपणे सांगू शकणार नाही. एक मात्र लक्षात ठेवा, घाबरून आज एकदम बंद करू नका. बरीच वर्षं घेतलेली असेल तर तसं करणं धोक्याचं. उद्याच्या उद्या ही पुडी घेऊन फिजिशियनकडे जा."

"कुणाकडे? सव्वीसच्या सव्वीस..."

मुक्ताने वही उघडली आणि अकराव्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "यांच्याकडे. नक्की सांगता येणार नाही असं म्हणाले ना? मग हेच."

मग ती वही चाळत राहिली. वेळ, फी, सेकंद, अक्षर, पंखा, पार्किंग, हात धुतले का, चप्पल बाहेर काढायला लावली का. शेवटी म्हणाली, "काका, यात एक रकाना नाही."

"शक्य नाही."

"नोंदणी क्रमांक. डॉक्टरच्या चिठ्ठीवर असतो. मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव टाकून पडताळता येतो. सगळं तपासलंत, पण समोरचा माणूस डॉक्टर आहे की नाही, तेवढं राहिलं."

लेखापरीक्षकाला एवढं मोठं कुणी कधी बोललं नसेल. काकांनी वही मिटली, पुडी घडी घालून पाकिटात ठेवली आणि जिना उतरून गेले. नेहमी लिफ्टच्या देखभालीचा कागद वाचून मगच आत शिरणारा माणूस.

पुढचं थोडक्यात सांगतो. अकराव्या परिच्छेदाने काकांना ओळखलं, पुडी बघून डोक्याला हात लावला, काही तपासण्या केल्या आणि पांढरी गोळी कित्येक आठवड्यांत हळूहळू उतरवली. साखर खाली येऊ लागली. तिन्ही लॅबवरचे आक्षेप काकांनी स्वतःहून मागे घेतले. सव्वीस डॉक्टरांचे क्रमांक त्यांनी एकेक करून पडताळले. सगळे सापडले, त्या आठशे रुपयांच्या हाडवाल्यांचासुद्धा, याचं काकांना थोडं वाईट वाटलं.

सुईवाल्यांकडे ते स्वतः गेले. अठरा वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी विचारलं: "नोंदणी क्रमांक काय आपला?" सुईवाल्यांनी उलट विचारलं, "तुम्ही पालिकेतून आलात का?" चौथ्या दिवशी शटर खाली होतं. पाटी काढलेली, भिंतीवर चार खिळे. टपरीवाला म्हणाला, डॉक्टर गावाला गेले. काका तिथे उभ्या उभ्या चहा प्याले. मला म्हणाले, "खरं सांगू? माझी आख्खी विचारपूस करायचे हो. बायको कशी आहे, मुलगा फोन करतो का. बाकीच्या सव्वीसांपैकी एकानेही विचारलं नव्हतं." तो आक्षेप सव्वीसांवर आहे, आणि काकांनी तो प्रत्येकाच्या पानावर वेगळा लिहिला आहे.

एकट्या अकराव्या परिच्छेदाची उजवी बाजू आता भरली आहे. काकांनी स्वतःच्या हाताने अनुपालन लिहिलं: 'डॉक्टरांना माहीत नव्हते, म्हणून त्यांनी तपासले. आक्षेप वगळण्यात येत आहे.'

परवा त्यांनी वहीत सत्ताविसावं पान उघडलं. वर मुक्ताचं नाव. डावीकडे एकच ओळ, 'नोंदणी क्रमांक कळवावा.' मुदतीच्या जागी तारीख घातलेली नाही. उजवी बाजू कोरी आहे. ती भरण्यासाठी आमच्या घरात रोज पहाटे चारला दिवा लागतो, आणि खालच्या मजल्यावर साडेचारला. काका म्हणतात, गुडघ्यामुळे झोप लागत नाही.